डाव्या अंगठ्याशिवाय हॉर्न-इंडिकेटर: बाईकचे स्विच हलवावेत का, आणि कसे?

उसाचा_फड

नमस्कार मंडळी,

आमच्या दादांचा (वडील, वय ५८) डावा अंगठा मागच्या हंगामात कडबाकुट्टीत सापडला. जखम भरली, हात कामाला लागला. आता ते पुन्हा मोटारसायकल चालवायची म्हणतायत आणि अडवण्यात अर्थ नाही हे घरात सगळ्यांना कळलंय. पहाटे दुधाच्या किटल्या डेअरीत घालायच्या आणि दिवसा रानात जायचं, तेही वाळवा तालुक्यातल्या रस्त्यांवर. गळिताच्या दिवसांत समोरून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर येतात. हॉर्न आणि डिपर नसेल तर त्यांना गाडी देणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलंय.

गाडी १०० सीसीची, २०१२ सालची, कार्बोरेटरवाली. होंडा पद्धतीची वायरिंग. किक आणि सेल्फ दोन्ही आहे. हॉर्न, इंडिकेटर, डिपर डावीकडे. हेडलाइटचं चालू-बंद आणि सेल्फ उजवीकडे.

गावातला मिस्त्री म्हणतो, "डावीकडचा अख्खा स्विच उचलून उजवीकडे बसवतो, अर्ध्या तासाचं काम." मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही हे नीट सांगता येत नाही. कुणी असं काम केलंय का? कायद्यात बसतं का?

कृपया "स्कूटर घ्या" एवढाच सल्ला नको. किटल्यांचा स्टँड बाईकला आहे आणि पावसाळ्यात रानातल्या चिखलात लहान चाकं रुततात.

घाटमाथा

दादांना नमस्कार सांगा. या वयात, या दुखण्यातून उठून परत गाडीवर बसायची हिंमत मोठी आहे. तांत्रिक मला काही कळत नाही, पण धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

वायरजोड

मिस्त्रीचं म्हणणं ऐकू नका. कारण सांगतो.

या गाड्यांत उजवीकडचा स्विच आणि ॲक्सिलरेटरची केबल बसते ती जागा एकाच डबीत असते. त्या डबीच्या आतल्या बाजूला डावीकडचा स्विच आणून बसवला, तर उजव्या मुठीपासून हॉर्नच्या बटणापर्यंत सगळी डबी ओलांडून अंगठा न्यावा लागतो. तेवढा अंगठा ताणला की मूठ सैल होते किंवा मनगट फिरून ॲक्सिलरेटर वाढतो. ट्रॅक्टर समोर आलाय, पुढचा ब्रेक दाबायचाय, ॲक्सिलरेटर सोडायचाय आणि हॉर्नही वाजवायचाय: तिन्ही कामं एकाच हाताला. यात गडबड होणारच.

दुसरी गोष्ट, डावीकडच्या डबीचा आकार डाव्या अंगठ्यासाठी घडवलेला असतो. बटणांचा उतार, खोलगटपणा, सगळं. उजवीकडे ते उलटं पडतं.

अख्खा स्विच हलवायचाच नाही. गरजेची तेवढी बटणं नवीन द्यायची, तीही डबीला खेटून.

पायवाट

जुन्या जीपला आणि अॅम्बॅसेडरला डिपर पायाशी असायचा, क्लचच्या डावीकडे जमिनीवर. पायाने टक् केलं की अप्पर, परत टक् केलं की डिपर. तसा हॉर्न डाव्या पायाच्या फूटरेस्टजवळ देता येईल का? डाव्या पायाला गिअर सोडून काम काय असतं?

वायरजोड

@पायवाट, जीपमध्ये तो स्विच पत्र्याच्या आत, पायाखाली कोरडा असायचा. मोटारसायकलच्या फूटरेस्टजवळ चिखल, पाणी, शेण सगळं उडतं. शिवाय ट्रॅफिकमध्ये डावा पाय जमिनीवर टेकतो, नेमका तेव्हाच हॉर्न लागतो. कल्पना सुंदर, जागा चुकीची.

आमचं_गाव_लातूर

पायाने हॉर्न म्हणजे गिअर टाकताना दर वेळी पॅऽऽ. आमच्या गल्लीतली कुत्री आनंदाने वेडी होतील :-)

शिंतोडे

जुनी चेतक स्कूटर चालवलेल्यांना आठवत असेल, तिला हॉर्न-डिपरचा स्विच उजव्या हातालाच असायचा, कारण डावी मूठ गिअरसाठी फिरायची. पिढ्यानपिढ्या लोकांनी उजव्या अंगठ्याने हॉर्न वाजवत संसार केले. तेव्हा "उजव्या हाताला जमणारच नाही" हे वायरजोड यांचं म्हणणं पूर्ण मान्य नाही. दादांनी कधी चेतक चालवली होती का?

वायरजोड

@शिंतोडे, मुद्दा बरोबर आहे. पण चेतकचा स्विच मुठीला अगदी लागून होता आणि मुख्य ब्रेक पायाचाच वापरायचे लोक. मी हाताला विरोध करत नाही, अंतराला करतोय.

ओसाकाहून

जपानमधून लिहितोय. इथे होंडा सुपर कब (१९५८ पासून) गल्लोगल्ली दिसते. टपालवाले, पेपरवाले, हॉटेलवाले सगळे तीच वापरतात. तिची मूळ कल्पनाच अशी की सोबा नूडल्सचा ट्रे एका हातात धरून पोऱ्याला दुसऱ्या हाताने गाडी चालवता यावी. म्हणून क्लचचा लिव्हर नाही, क्लच आपोआप सुटतो. आणि इथल्या जुन्या मॉडेलांना इंडिकेटरचा स्विच उजव्या मुठीजवळ असतो. तो डावी-उजवीकडे सरकत नाही, वर-खाली चालतो. सुरुवातीला विचित्र वाटतं, पण सवय लवकर होते.

सांगायचं काय, तर इंडिकेटर उजवीकडे देणं ही काही जुगाडू कल्पना नाही. हार्ले डेव्हिडसनच्या पुष्कळ मॉडेलांना तर डाव्या वळणाचं बटण डाव्या मुठीला आणि उजव्याचं उजव्या मुठीला असतं.

उसाचा_फड

@शिंतोडे, हो, लग्नानंतर बरीच वर्षं चेतकच होती! दादांना वाचून दाखवलं. म्हणाले, "मग तसलाच लाव की."

@ओसाकाहून, ही माहिती फार कामाची. धन्यवाद.

हाताचं_काम

मी पुनर्वसन विभागात काम करते, हाताच्या दुखापतीचे रुग्ण रोज बघते. सगळे जण थेट वायरवर पोचलात, पण मूळ प्रश्न कुणी विचारलाच नाही: अंगठा किती शिल्लक आहे?

वरचं पेर गेलंय, की दोन्ही पेरं गेलीयत, की तळव्यातल्या हाडासकट गेलाय? यावर सगळं ठरतं. तळव्याकडचं हाड आणि स्नायू शाबूत असतील तर उरलेला भाग बऱ्यापैकी हलतो आणि दाबतोही. मग बटण त्याच्यापर्यंत आणता येतं.

आणि हॉर्नपेक्षा मोठी काळजी क्लचची आहे. मूठ धरताना चार बोटं एका बाजूने आणि अंगठा दुसऱ्या बाजूने कडं पूर्ण करतो. अंगठा नसेल आणि क्लच ओढायला चारही बोटं लिव्हरवर गेली, तर त्या क्षणी डावा हात हँडलला धरलेलाच नसतो, नुसता तळवा टेकलेला असतो. खड्ड्यात चाक गेलं तर हँडल हातातून सुटेल. मागे दुधाच्या किटल्यांचं वजन असताना हे फार धोक्याचं.

तुम्ही हे तपासा: गाडी स्टँडवर, इंजिन बंद. दादांना फक्त दोन बोटांनी (तर्जनी आणि मधलं) क्लच पूर्ण ओढायला सांगा, करंगळी आणि अनामिका मुठीवरच राहिली पाहिजेत. सलग पुष्कळ वेळा जमतंय का, दुखतंय का, ते बघा. उरलेल्या टोकावर टिचकी मारल्यासारखं दाबलं तर झिणझिण्या किंवा विजेचा झटका येतो का, तेही विचारा. येत असेल तर त्या टोकाने बटण दाबायचं नाही. आधी डॉक्टरांना दाखवा.

कोयनाकाठ

ताई, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा.

घाटमाथा

+१

नियमावली

कायद्याचं सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणी प्रमाणपत्रात जे तपशील आहेत आणि निर्मात्याने मुळात जे दिलेत, त्यांच्याशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-ए खाली मालकाने बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणून जपून.

शिंतोडे

हॉर्नचं बटण नोंदणी प्रमाणपत्रात कुठे लिहिलेलं असतं? तिथे इंजिन, चासी, रंग, इंधन, आसनं हे असतं. इतकं घाबरवू नका हो. लोक बिचारे दुरुस्ती करायलाही घाबरतील.

नियमावली

घाबरवत नाहीये. माझ्या मतेही जादा बटण देणं हा कलम ५२ चा विषय होत नाही. पण दोन गोष्टी नीट करा. एक, हॉर्न मूळचाच ठेवा. वेगवेगळ्या सुरांत वाजणारा हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११९ व्या नियमाने बंद आहे. दोन, त्याच २०१९ च्या दुरुस्तीत शारीरिक अडचण असलेल्या व्यक्तीसाठी बदल केलेल्या वाहनाची वेगळी व्याख्या आली आहे. क्लच काढणं, जादा चाकं लावणं असं काही मोठं करणार असाल तर आरटीओत जाऊन त्या मार्गाने करा. आणि दादांचं लायसन्स नूतनीकरणाला येईल तेव्हा डॉक्टरांच्या दाखल्यात अंगठ्याचा उल्लेख लपवू नका. उद्या अपघात झाला आणि विम्याचा दावा आला, तर लपवलेलीच गोष्ट नडते.

उसाचा_फड

@हाताचं_काम, ताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. डावा अंगठा वरच्या सांध्यापासून गेलाय. खालचं पेर पूर्ण आहे, तळव्याचा भाग नीट हलतो. टोकाला दाबलं तर दुखत नाही, पण कातडी नाजूक आहे, थंडीत हुळहुळतं म्हणतात. दोन बोटांनी क्लच ओढायला गेले तर लिव्हर अर्ध्यातच अडकतोय, फार जड आहे.

वायरजोड

खालचं पेर शाबूत आहे? मग चित्रच बदललं. आता क्रमाने.

क्लच आधी. केबल जुनी असेल तर बदलून टाका, तेल घालून जुनीच वापरू नका. लिव्हरच्या खिळीला ग्रीस. टोकाशी मोकळी हालचाल १० ते २० मिलिमीटर ठेवा. मग लिव्हरचा ब्रॅकेट ढिला करून हँडलच्या मध्याकडे सरकवा, हँडलचा बाक सुरू होतो तिथपर्यंत जेवढी जागा असेल तेवढा. असं केलं की तर्जनी आणि मधलं बोट लिव्हरच्या टोकाकडे येतात आणि तोच क्लच हलका लागतो. आरसा त्याच ब्रॅकेटवर असतो, तोही सरकेल; परत लावून घ्या.

मग हॉर्न. डावीकडची डबी सोडवा. आत एक छोटी पिन असते, ती हँडलच्या भोकात बसते, म्हणून डबी फिरत नाही. डबी थोडी वर फिरवून उरलेल्या पेराच्या समोर आणायची. हॉर्नच्या बटणावर कडक रबराचा किंवा नायलॉनचा तुकडा चिकटवून उंची वाढवा, कडा गोल करा. नाजूक कातडीला धार लागता कामा नये.

डिपर तसाच राहू द्या. वरच्या बाजूला असेल तर तर्जनीनेही जमतो.

इंडिकेटर उजवीकडे न्या. आणि उजवीकडे हॉर्नचं दुसरं बटणही द्या, समांतर जोडून. डावा हात क्लचवर गुंतला असेल तेव्हा उजवा वाजवेल.

लोखंडकाम

पिनबद्दल. बरेच जण ती पिन घासून टाकतात आणि खाली जुन्या ट्यूबची पट्टी लावून डबी आवळतात. मी म्हणेन नको. इथे बटण बोथट पेराने जोरात दाबलं जाणार, डबी गोल फिरेल. हँडलच्या नळीला (२२ मिलिमीटरची असते) खालच्या बाजूने नवीन बारीक भोक पाडा, कडा कानशीने साफ करा.

वायरजोड

@लोखंडकाम, भोक पाडायचं तर जुन्या भोकाच्या अगदी शेजारी नको, दोन भोकं मिळून फट पडते. अंतर कमी असेल तर पिन घासणं परवडलं. तिथे बघूनच ठरवावं लागेल.

लोखंडकाम

हे मान्य.

पत्र्याची_चाळ

मी व्हिडिओ बघून आणलेलं तीन बटणांचं तयार युनिट लावलं होतं. पहिल्या पावसात पाणी शिरलं, हॉर्न सतत वाजत राहिला आणि मध्यरात्री सोसायटीत सगळे खाली. रबरी टोपीवालं घ्या एवढंच सांगतो.

नाना_पेठी

पुण्यात सुटे स्विच नाना पेठेत मिळतात, इलेक्ट्रॉनिक्सचे पासोड्या विठोबाच्या बाजूला. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड. स्विच घेताना पाण्यापासून संरक्षणाची खूण विचारा आणि खटका हातात घेऊन बघा. मऊ वाटला तर घेऊ नका. हातमोजा घालूनही मधली जागा कळली पाहिजे.

वायरजोड

वायरिंगचं लिहितो, कारण इथेच लोक गाडी जाळतात.

होंडा पद्धतीत काळी वायर म्हणजे चावी चालू केल्यावर येणारा प्लस, आणि हिरवी म्हणजे अर्थ (चासीला जोडलेला मायनस). यामाहा पद्धतीत काळी म्हणजे अर्थ आणि तपकिरी म्हणजे प्लस! यामाहाच्या आरएक्स १०० चा व्हिडिओ बघून तुमच्या गाडीची काळी वायर चासीला जोडलीत तर फ्युज गेलाच. फ्युजच्या जागी तार बांधलेली असेल तर वायरिंगच गेलं.

होंडा पद्धतीत: फिकट हिरवी हॉर्नची, करडी फ्लॅशरकडून (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) येणारी, नारिंगी डाव्या इंडिकेटरची, फिकट निळी उजव्याची. पण १२ वर्षं जुन्या गाडीत मधे कुणी काय जोडलंय सांगता येत नाही. बल्बचा टेस्ट लॅम्प घेऊन प्रत्येक वायर आधी तपासा.

इंडिकेटरला तीन स्थितींचा खटका घ्या, मधे बंद. मधल्या टोकाला करडी, बाजूंना नारिंगी आणि फिकट निळी. खटका आडवा बसवा, डावीकडे ढकलला की डावा लागला पाहिजे. जुना डावा इंडिकेटर स्विच काढून टाका किंवा त्याची करडी वायर सोडवा. दोन्ही चालू ठेवले आणि चुकून विरुद्ध दिशांना पडले तर दोन्ही बाजू एकदम लुकलुकतील, मागच्याला काहीच कळणार नाही.

हॉर्नला लहान बटण थेट जोडू नका. हॉर्नचा प्रवाह त्यातून गेला की ठिणगी पडून आतले पॉइंट जळतात. रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा स्विच) लावा. त्याच्या टोकांवर आकडे असतात: ८६ ला हॉर्नची फिकट हिरवी वायर (जुनं आणि नवं बटण दोन्ही इथेच), ८५ ला अर्थ, ३० ला बॅटरीवरून १० अँपिअरच्या फ्युजमधून प्लस, ८७ वरून हॉर्नला. हॉर्नचं दुसरं टोक अर्थला. हे तेव्हाच, जेव्हा तपासणीत हॉर्नच्या बटणातून प्लस जातोय असं दिसेल. काही गाड्यांत बटण अर्थ देतं, मग जोडणी उलटते.

हेडलाइटच्या वायरला हात लावू नका. तुमच्या वर्षाच्या पुष्कळ गाड्यांत हेडलाइट मॅग्नेटच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज करणारा भाग) एसीवर चालतो, बॅटरीवर नाही.

सगळे जोड हेडलाइटच्या डूममध्ये (मागच्या वाटीत), डाग देऊन (सोल्डर करून), वर आकसणारी नळी. चिकटपट्टी उन्हात सुटते. शेवटी हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा, एकही वायर ताणता कामा नये.

आमचं_गाव_लातूर

वाचनखूण साठवली. बाय द वे, हेडलाइटचं चालू-बंद बटण असलेली गाडी अजून आहे हे वाचून बरं वाटलं. हेडलाइट कायम चालू ठेवायच्या नियमामुळे १ एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांना ते नाहीच, आणि अजूनही समोरून येणारे हाताने खुणा करून सांगतात, "लाईट चालू आहे!"

वऱ्हाडी_माणूस

आमच्याकडे तं भर उन्हात थांबवून सांगते लोकं, "भाऊ, बॅटरी उतरन तुमची." चांगली माणसं हायेत, काय म्हणाव.

शिंतोडे

मला तो नियम आवडला. मात्र गावाकडे पहाटे धुक्यात जुन्या गाड्या अजून बिनलाईटच्या येतात. @उसाचा_फड, दादांना सांगा, पहाटे डेअरीला जाताना हेडलाइट कायम चालू.

उसाचा_फड

मंडळी, काम झालं. सविस्तर सांगतो, कुणाला उपयोग होईल.

मिस्त्रीला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. आधी तोंड वाकडं केलं, पण क्लचचा ब्रॅकेट सरकवल्यावर त्याने स्वतः दोन बोटांनी ओढून बघितला आणि म्हणाला, "हे मी सगळ्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना करून देणार." केबल नवीन टाकली. दादा आता दोन बोटांनी क्लच ओढतात, खालची दोन बोटं मुठीवर.

डावी डबी वर फिरवली. जुन्या भोकापासून अंतर पुरेसं होतं, म्हणून नवीन भोक पाडलं. हॉर्नच्या बटणावर नायलॉनचा गोल तुकडा बसवला, इस्लामपुरात लेथवर घासून घेतला. पेर बरोबर त्यावर बसतं. कातडीसाठी आईने पातळ कातड्याची टोपी शिवली, ती हातमोज्याच्या आत राहते.

उजवीकडे डबीला खेटून इंडिकेटरचा खटका आणि हॉर्नचं बटण. रिले लावला. तपासलं तेव्हा बटणातून प्लसच जात होता, तेव्हा वायरजोड यांनी सांगितल्याप्रमाणेच जोडलं. आवाज पूर्वीपेक्षा खणखणीत आहे, कारण जुन्या बटणाचे पॉइंट आधीच काळे पडले होते.

एक अडचण राहिली: इंडिकेटर बंद करायचं विसरतात. डावीकडचा स्विच दाबून बंद करायची सवय होती, आता खटका मध्यावर आणावा लागतो.

ओसाकाहून

फार छान! विसरण्यावर उपाय सोपा आहे. इंडिकेटरबरोबर वाजणारा छोटा १२ व्होल्टचा बझर मिळतो. नारिंगी आणि फिकट निळी अशा दोन्ही वायरींवरून एकेक डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घेऊन बझरच्या प्लसला जोडा, म्हणजे दोन्ही बाजू एकमेकांत मिसळणार नाहीत.

हाताचं_काम

टोपीची कल्पना उत्तम, आईंचं कौतुक. फक्त ती ओली राहू देऊ नका, आत कातडी नरम पडते. आणि पहिले काही दिवस किटल्या न घेता रिकाम्या गाडीवर, दिवसाउजेडी चालवू द्या. क्लच आणि हॉर्न एकदम लागतो तो प्रसंग गावातल्या मोकळ्या मैदानावर मुद्दाम करून बघायला सांगा.

कोयनाकाठ

माझा प्रश्न थोडा वेगळा. माझ्या मामांचा उजवा हात अर्धांगवायूनंतर कमजोर आहे आणि त्यांची गाडी २०२१ ची, फ्युएल इंजेक्शनवाली. त्यांना सेल्फचं बटण डावीकडे हवंय. हीच पद्धत चालेल का?

वायरजोड

@कोयनाकाठ, हॉर्न-इंडिकेटरसाठी साधारण हीच. सेल्फसाठी नाही. या गाड्यांत सेल्फ, इंजिन बंद करायचं बटण, क्लच स्विच, साइड स्टँडचा स्विच हे एकमेकांत गुंतलेले असतात आणि काही वायर थेट ईसीयूकडे (इंजिन चालवणारा छोटा संगणक) जातात. जुन्या सीडीआय (ठिणगी देणारी इलेक्ट्रॉनिक डबी) गाड्यांत इंजिन बंद करायचं बटण बहुधा एक वायर अर्थला टेकवतं. इंजेक्शनच्या गाड्यांत ते पुरवठाच तोडतं. चुकीचा जोड दिला तर गाडी चालता चालता बंद पडेल. वायरिंगची आकृती हातात नसताना त्यातली एकही वायर कापू नका. मॉडेल आणि वर्ष नवीन धाग्यात लिहा, बघतो.

पण उजवा हात कमजोर म्हणजे ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेकही कमजोर. सेल्फचं बटण राहू द्या, आधी ताईंना विचारा मामांनी गाडी चालवावी का.

हाताचं_काम

हो, @कोयनाकाठ, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कोणती बोटं मिटतात, मनगट वर उचलता येतं का आणि नजरेची डावी-उजवी बाजू नीट दिसते का, हे तीन मुद्दे लिहा. अर्धांगवायूत कधी कधी एका बाजूचं दिसणंही कमी होतं आणि माणसाला ते जाणवत नाही.